प्रयोगाचे खांदे

आमच्या घरमालकांकडे नळ गळतो म्हणून तक्रार करायची सोय नव्हती. बँकेच्या बदलीने मी पिंपळगाव राजाला नवाच आलो होतो, सामानाची खोकीही अजून सुटली नव्हती, आणि त्या निरागस अवस्थेत मी ती तक्रार केली. घरमालकांनी उजव्या हाताचं बोट वर केलं.

"गळते हे तुमचं मत झालं, साहेब. मत नका सांगू, लक्षण सांगा. थेंब पडते का धार लागते? टाकी भरली असते तवाच पडते, का केव्हाही?"

यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. मग मी रीतसर नळासमोर बसून निरीक्षण केलं, आणि शेवटी कंटाळून बाजारातून वायसर आणून स्वतःच बसवला. पुढे कळलं की माझ्याआधीचे सगळे भाडेकरू या घरातून नळदुरुस्ती शिकूनच बाहेर पडले होते.

गावात त्यांना सगळे 'सर' म्हणत. हायस्कुलात त्यांनी इतकी वर्षं विज्ञान शिकवलं होतं, की निम्मं गाव त्यांच्या हातून पास झालं होतं आणि उरलेलं नापास. निवृत्तीनंतर शाळा सुटली, शिकवणं काही सुटलं नाही. फक्त आधी पोरांना घंटा झाल्यावर तरी सुटका मिळायची, ती आता कोणालाच राहिली नाही. आठवडी बाजारात भाजीवाली मावशी "हे दोन किलो वजन झालं सर" म्हणाली की बोट वर.

"वजन नाही वो बाई, वस्तुमान. हेच वांगे चंद्रावर नेले तर वजन कमी भरन, वस्तुमान तेवढंच राहीन."

"चंद्रावर कोन खाते सर वांगे," म्हणत मावशी पिशवीत वरून दोन मिरच्या टाकायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायची.

एकदा एका मयतीत रडणाऱ्या जावयाने "मामा अचानक गेले हो" म्हणून सरांच्या गळ्यात पडायचा बेत केला. सरांनी त्याला एका हाताने थोपवलं आणि दुसऱ्या हाताचं बोट वर केलं. "अचानक हे मत झालं. आदल्या दिवशी काय लक्षणं होती?" त्यानंतर भाऊबंदांत सरांना मयतीचा निरोप जरा उशिराच पोचवायचा, अशी पद्धत पडली.

हे सगळं सांगायचं ते सरांच्या गाडीसाठी.

एका सरकारी कचेरीच्या लिलावातली जुनी जीप सरांनी घेतली होती. तिच्यातलं मूळ इंजिन कधीच थकलं होतं, ते काढून त्यांनी मालवाहू टेम्पोचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. डावीकडचा दरवाजा कापून खाली आणला. त्याखाली पायरी केली, तीही घरच्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव कापून. पुढे जाड पाइपाचा गार्ड, त्याची दोन्ही टोकं वर वाकवलेली. कुठल्याही कंपनीने ही गाडी आपली म्हणून ओळखली नसती. गाव तिला 'प्रयोग' म्हणायचं. "सरांचा प्रयोग आला, पोरं आवरा," अशी हाक गल्लीतून यायची.

दरवाजा खाली आणला आणि पायरी केली ती आबांसाठी. आबा म्हणजे सरांचे वडील. वय कोणी विचारलं तर "जोडी होती तवा मोजत होतो, आता सोडून देलं," म्हणायचे. मोऱ्या आणि चांद्या ही त्यांची शेवटची जोडी. सालदार मिळेना, शेत भाड्याच्या ट्रॅक्टरने होऊ लागलं, तेव्हा सरांनी हिशोबाने विचार करून ती विकली. हिशोब बरोबरच होता, सरांचा हिशोब चुकत नसे. फक्त जोडी गेल्यापासून आबा शेतात गेले नव्हते. गुडघे धरलेले, शेताकडे जाणारी गाडीवाट, म्हणजे पांदण, लांबची, आणि मोटरसायकलवर बसणं त्यांना मान्य नव्हतं. "दोन चाकावर मानूस असते काय कधी," असा त्यांचा सवाल होता, आणि त्याला विज्ञानात उत्तर असूनही उपयोग नव्हता. दिवसभर ओट्यावर बसून ते शेताच्या दिशेला बघायचे. मध्ये तिघांची घरं आणि पाण्याची टाकी होती, पण दिशा तीच होती.

आबांना एकदा शेतात न्यायचं, एवढ्यासाठी सरांनी ती गाडी केली होती. हे त्यांनी कोणाला सांगितलं मात्र नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "टॉर्कचा अभ्यास चालू हाय."

गाडी तयार झाली त्या दिवशी सरांनी अंगणात बॉनेट उघडून गल्लीला व्याख्यान दिलं. इंजिन दोन रबरी ठोकळ्यांवर बसतं, मिस्त्री लोक त्याला फाउंडेशन म्हणतात. दुसऱ्या गाडीचं इंजिन असल्यामुळे तयार ठोकळे बसेनात, म्हणून सरांनी ते स्वतः आखून कापून घेतले होते. तेच दाखवत ते म्हणाले, "इंजिनचं सारं वजन या दोन रबरांवर."

"सारं?" आबांनी ओट्यावरून विचारलं.

"सारं."

त्या दिवशी त्यांनी स्वतःच वस्तुमानाला वजन म्हटलं होतं, पण दुरुस्त करायला दुसरा सर गावात नव्हता.

तो श्रावण होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी इकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जिथे जू बसतं तिथे तूप-हळद चोळतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण त्यांच्या कानात सांगतात. जोडी नसलेल्या घरी आता ट्रॅक्टरलाच हार घालतात. सरांना हे थोतांड वाटायचं. जोडी होती तेव्हाही काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, "जरा वाटी धरा ना" म्हटलं की ते आत जाऊन पेपर वाचायचे. खुद्द आबा मात्र म्हणाले, "पोया होऊ दे. मंग बसू गाडीत." नंतर पावसाने पांदणीचा चिखल झाला आणि दसऱ्यापर्यंत शेतात कोणालाच गाडी नेता येईना.

आणि दसऱ्याला प्रयोग थरथरला.

साधी थरथर नव्हती. समोरची काच, दरवाजा, सरांचा चष्मा, सगळं एका तालात हलायचं. आबा पायरीशी येऊन उभे होते, धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. त्यांनी बॉनेटवर पालथा हात ठेवला, थोडा वेळ तसाच धरला, आणि काढून घेतला.

"बिमार हाय हे. थरथरून राह्यलं. बिमार जनावरावर मी बसत नाही, मास्तर."

सरांना ते मास्तरच म्हणायचे. सर म्हणाले, "आबा, जनावर नाही ते, यंत्र हाय." आबा तोवर ओट्यावर जाऊन बसलेही होते.

तिथून पुढे जवळजवळ वर्षभर त्या घरात कंपाशिवाय विषय नव्हता. पण हा कंप अधूनमधूनचा होता, आणि सगळा घोळ तिथेच होता. बघायला कोणी बोलावलं की गाडी लग्नाला उभ्या राहिलेल्या मुलीसारखी शांत. तो माणूस गेला की सुरू. सरांनी बॉनेटवर स्टीलची थाळी ठेवून तिच्यात तुरीचे दाणे पसरले. दाणे कुठे नाचतात आणि कुठे गोळा होतात यावरून ते निदान करणार होते. निदान झालं नाही, चिमण्या मात्र रोज यायला लागल्या.

मग वजनाची बाजू तपासायची ठरली. रविवारी सकाळी दार वाजायचं. "साहेब, आज तुमचं वस्तुमान पाह्यजे." मी मागे डावीकडे बसायचो, उजवीकडे सोयाबीनचं पोतं. पुढच्या फेरीला मी उजवीकडे, पोतं डावीकडे. अशा आम्ही गावाभोवती फेऱ्या मारल्या. थरथर आली की सर ओरडायचे, "काय जाणवलं?" मी म्हणायचो, "थरथरतंय." "ते मत झालं!" पोतं काहीच बोलत नसल्यामुळे सरांचं त्याच्याशी माझ्यापेक्षा बरं जमलं.

काकू फाटकाशी उभ्या राहून बघायच्या. "माणूस रिटायर झाला का एकतर देवाले लागते, नाही तर असा इंजिनाले," त्या मला म्हणाल्या. "देवाले लागला असता तर निदान प्रसाद तरी भेटला असता."

खामगाव रस्त्यावरच्या मिस्त्रीकडे मी सरांबरोबर कितीदा गेलो, याची गणती नाही. गाडी थरथरत थरथरत त्याच्या दारात जाऊन उभी राहायची. मिस्त्री हात पुसत पुढे यायचा, बॉनेटकडे हात न्यायचा, की सरांचं बोट वर.

"थांब. आधी लक्षणं ऐक."

मग लक्षणं. कुठल्या वेगाला, कुठल्या चढाला, हवा कशी होती, मागे साहेब होते का सोयाबीन. मधेच कंप आणि अनुनाद यांतला फरक, झोपाळ्याच्या उदाहरणासह. एक चहा व्हायचा, दुसरा यायचा. बसायला टायर होते, त्यावर आम्ही बसायचो. सगळं सांगून झाल्यावर सर उठून म्हणायचे, "आता चालू कर अन् पाह्य." मिस्त्री चालू करायचा. इंजिन गुरगुरायचं, अगदी सुरात.

"आता तं काईच नाही सर."

"हेच तं लक्षण हाय!" सर विजयी मुद्रेने म्हणायचे.

तरी मिस्त्री जॅक लावून फाउंडेशनची रबरं बदलून द्यायचा. "नरम पडले सर. आजकाल मालच असा येऊन राह्यला." काही आठवडे गाडी नीट चालायची, सर आबांना सांगायचे की आता चला, आबा म्हणायचे "थोडं पाहू," आणि तेवढ्यात थरथर परत हजर. प्रत्येक वेळी सर ओट्यावर येऊन गप्प बसायचे. ते दृश्य चांगलं नव्हतं. बोलणारा माणूस गप्प बसला की घराला सुचत नाही.

उन्हाळ्यात आबा आजारी पडले. ताप उतरला, पण नंतर ओट्यावर यायलाही कोणाचा तरी हात लागू लागला. त्या दिवसांत एकदा काकू सरांना म्हणाल्या, "तुमचं निदान होईलोक ते थांबतीन का?" सरांनी बोट वर केलं नाही. ते अंगणात गेले आणि गाडीखाली जाऊन निजले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. हातात पाना नव्हता, हे मला खिडकीतून दिसत होतं. एरवी मी या माणसाला मनातल्या मनात खूप हसलो होतो, त्या दुपारी मला हसू आलं नाही. त्यांचं सगळं शहाणपण त्या गाडीखाली आडवं पडलं होतं, आणि बाप वर ओट्यावर बसून होता.

पुन्हा श्रावण आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी आणि सर बाजारातून येत होतो. रबरं बदलून महिना होत आला होता, थरथर परत आली होती आणि सर मला सांगत होते, की आता दोष चाकांच्या सरळ रेषेत शोधला पाहिजे. मागच्या बोळातून आम्ही अंगणात शिरलो, आणि सर थांबले.

बॉनेट उघडं होतं. आबा एका हाताने गार्ड धरून उभे होते. गार्डावर वाटी टेकवलेली, वाटीत तूप-हळद. दुसरा हात कोपरापर्यंत इंजिनाच्या बाजूने खाली गेलेला, आणि नेमका त्या रबरी ठोकळ्यावर. पळसाच्या पानाने ते चोळत होते. चोळता चोळता तोंड खाली नेऊन, कानात बोलावं तसं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

ते वळले, आम्हाला पाहिलं, अजिबात दचकले नाहीत.

"तू डाक्टर करून पाह्यला, मास्तर. मी आपला घरचा इलाज करून राह्यलो. खांदा सुजला हाय हिचा. हात लावून पाह्य, नरम लागते."

"कवापासून करून राह्यले?" सरांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"मांगच्या पोयाले लावलं पहिल्यांदा. तूच म्हने ना, सारं वजन इथं. जिथं वजन तिथं शेकाच लागते. मंग ते थरथराले लागलं, तवापासून दर शनिवारी, तू बाजारात गेला का, लावतो. मधात दुखन्यात राह्यलं, तवा सूनबाईले म्हनलं, तिनं लावलं."

मला विज्ञान बेताचंच येतं, पण तेवढ्यापुरतं त्या क्षणी मलाही आलं. रबराला तूप चालत नाही. ते फुगतं आणि नरम पडतं. इंजिन तापलं की नरम रबर बसतं, इंजिन कलून खालच्या सांगाड्याला टेकतं, आणि सगळी गाडी हलते. गार झालं की परत सावरतं. मिस्त्रीच्या दारात सर लक्षणं सांगत बसायचे तेवढ्या दोन चहांत इंजिन गार होत होतं. गाडी थरथरते म्हणून आबा बसत नव्हते, आणि आबा तिची काळजी घेत होते म्हणून ती थरथरत होती.

सरांना हे माझ्याआधी कळलं होतं. त्यांचं बोट वर गेलं. मी मनातल्या मनात आबांसाठी प्रार्थना केली. वर्षभर छळलेल्या कोड्याचं उत्तर समोर होतं, शिकवायला असा विषय पुन्हा मिळणार नव्हता, आणि चूक करणारा माणूस हातात पुरावा घेऊन उभा होता. सरांनी आजवर याहून किती तरी लहान चुकांसाठी माणसं उभी चिरली होती.

बोट तसंच राहिलं. मग हळूहळू खाली आलं.

"आबा," ते म्हणाले, "तिथं नाही खांदे. ते आतलं... ते कोपर हाय. खांदे इथं हायेत." आणि त्यांनी पंजा पसरून पुढच्या गार्डाची दोन वाकडी टोकं दाखवली. "सारं वजन इथं येते."

इंजिनाचं वजन पुढच्या शोभेच्या पाइपावर! असं उत्तर लिहिणाऱ्या मुलाला सरांनी बाकावर उभं केलं असतं आणि त्याच्या बापाला शाळेत बोलावलं असतं.

आबा त्यांच्याकडे बघत राहिले. "मंग वर्षभर सांगतलं काऊन नाही?"

"तुमी इचारलंच नाही."

आबांनी गार्डाच्या टोकावर हात फिरवला. "थंडे हायेत."

"बरे खांदे थंडेच राह्यतात," सर म्हणाले, आणि वाटी उचलून आबांच्या हाताजवळ धरली. काकू दारात आल्या होत्या. पेपर आत टेबलावर होता, आणि सर वाटी धरून अंगणात उभे होते, हे बघून त्या दोन पावलं मागे सरल्या.

नंतरच्या आठवड्यात मिस्त्रीकडे रबरं पुन्हा बदलली. परत निघताना त्याने मला बाजूला घेतलं. "साहेब, सर बिमार हायेत काय? आले, रबर बदल म्हने, अन् टायरवर बसले. एक शब्द नाही." मी म्हटलं, बरे आहेत. तो डोकं खाजवत म्हणाला, "ते पिवळं पिवळं दर खेपेले रबराले लागलेलं राहे. मले वाटे सरांचं काही संशोधन असन. इचाराचं मनात ये, पन इचारलं असतं तं दुकान बंद होईलोक सांगतलं असतं."

दिवाळीनंतर पांदण वाळली. कापूस वेचणीला आला होता. आबांनी बॉनेटवर पालथा हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि म्हणाले, "बरी हाय आता." मग सरांच्या खांद्याला धरून धावेच्या पायरीवर पाय दिला आणि पुढे बसले. मागे मी आणि काकू. सोयाबीनच्या पोत्याला यावेळी आमंत्रण नव्हतं. पांदणीने जाताना गाडी आदळली, हिसकली, पण थरथरली नाही. सर अख्ख्या वाटेत काही बोलले नाहीत. समोरच्या काचेतून दोन पिवळी, तुपाने चमकणारी टोकं दिसत होती. दर शनिवारी ती चोळली जात होती. गावात कोणी विचारलं की सर म्हणायचे, गंजरोधक लेप आहे.

शेतात आबा बांधावरच्या लिंबाखाली बसले. एक बोंड तोडून घेतलं, कापूस बोटांनी ओढून बघितला आणि खिशात ठेवला. सर आणि काकू वेचणाऱ्या बायांकडे गेले होते. मी आबांजवळ बसलो.

"साहेब," ते थोड्या वेळाने म्हणाले, "मास्तर खरं बोलते तवा बोट वर राह्यते त्याचं. खोटं बोलते तवा असा पंजा दाखवते. लहान होता तवापासून."

मी लांबवर उभ्या सरांकडे बघितलं.

"इंजिनाचं वजन कुठं बसते हे मले समजत नाही काय? जिंदगी गेली जू ठेवन्यात. मी लावलेल्या तुपानंच बिघडलं असन ते. त्याचं तोंड पाह्यलं अन् समजलं."

"मग आबा, त्या लोखंडाला दर शनिवारी तूप का लावता?"

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू विचारत होते, की बँकेने या माणसाला कशी काय नोकरी दिली.

"वाटी तो धरते ना," ते म्हणाले.

पलीकडे एका बाईने गाठोडं तराजूला लावून वजन सांगितलं होतं, आणि सरांचं बोट वर गेलं होतं.